काचपेटीतील हिरवे पाणी

विंध्याची उतरण जेथे संपते आणि नर्मदेचा सखल पट्टा जेथे सुरू होतो, तेथे कुक्षी हे गाव वसले आहे. पूर्वी ते धारच्या पवारांच्या संस्थानात एका परगण्याचे ठाणे होते. आज धार जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण आहे. निमाडच्या या भागात उन्हाळा लवकर येतो आणि सावकाश जातो. फाल्गुन सरला की गावतळ्यांच्या काठावर हिरवी साय धरू लागते, चैत्रात ती मध्यापर्यंत पसरते आणि वैशाखात तळ्याचे पाणी मुगाच्या कढणासारखे दिसू लागते. याचे कुणालाच नवल वाटत नाही. म्हशी त्यातच डुंबतात, बगळे काठाने फिरतात आणि पहिला पाऊस पडला की पाणी पुन्हा निवळते.

पण हेच हिरवेपण घरातल्या काचेच्या पेटीत उतरले म्हणजे घरची माणसे अस्वस्थ होतात. मोठ्या हौसेने पेटी आणलेली असते. तळाशी धुतलेली वाळू, तीत रोवलेल्या पाणवनस्पती, चार सोनेरी मासे आणि वर दिवा, अशी सारी सिद्धता होते. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. तिसऱ्या आठवड्यात वनस्पतींच्या पानांवर हिरवे केस उगवतात आणि मासे धुक्यातून चालल्यासारखे दिसू लागतात. मग पेटी रिकामी होते, वाळू खळखळून धुतली जाते, नवे पाणी भरले जाते आणि आणखी तीन आठवड्यांनी सारा प्रकार मुळापासून पुन्हा घडतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेनंतर पेटी माळ्यावर जाते.

या फजितीला मोठा इतिहास आहे. पाण्यातील हिरवेपणाशी माणसाने पुष्कळ शतके झुंज दिली, आणि ती झुंज बहुतेक वेळा चुकीच्या जागी दिली.

कुक्षी ज्या माळव्याच्या कडेला आहे, त्या माळव्यातच या इतिहासाचे एक जुने पान सापडते. अवंतीचा ज्योतिषी वराहमिहिर याने सहाव्या शतकात बृहत्संहिता रचली. तिच्यातील दकार्गल नावाच्या अध्यायात भूमीखालचे पाणी कसे शोधावे याचा विचार आहे. आणि अध्यायाच्या शेवटाकडे गढूळ, खारट किंवा दुर्गंधी पाणी सुधारण्याचा उपायही दिला आहे. अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा आणि कतकाचे फळ इत्यादींचे चूर्ण विहिरीत टाकावे, असे तो सांगतो. कतक म्हणजेच मराठीतील निवळी. निवळीचे बी सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात घातले म्हणजे तरंगणारे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटीचेही कार्य याच जातीचे. हा उपाय खरा आहे, आणि हिरव्या पाण्यालाही तो काही काळ लागू पडतो, कारण पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळही गाळाबरोबर खाली बसते. मात्र पाणी निवळले तरी वरचे ऊन तेच राहते आणि पाण्यात विरघळलेले खाद्यही तेच राहते. विहिरीचे पाणी उपसून प्यावयाचे असते, म्हणून तेथे एवढे पुरे होते. ज्या पाण्यात जीव राहावयाचे आहेत, तेथे ते पुरे होत नाही. आणि तुरटीने पाण्याचा आम्लपणा वाढतो, तो माशांना मानवत नाही.

याच प्रदेशात वर विंध्यावर मांडूचे पठार आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान घियासशाहाच्या काळात तेथे जहाजमहाल उभा राहिला. एका अंगाला मुंज तलाव आणि दुसऱ्या अंगाला कपूर तलाव, अशी त्याची रचना आहे. महालाच्या गच्चीवर पाण्यासाठी कोरलेले नागमोडी, वळसे घेणारे पाट पाहून प्रवासी शोभेचे कौतुक करतात. वास्तविक त्या वळशांनी पाण्याची धाव मंदावते आणि त्यातला कचरा वाटेतच खाली बसतो. जवळच चंपा बावडी आहे. तिच्या खालच्या अंगाला कमानींचे थंड तळघर आहे आणि तेथे सूर्याचा शिरकाव फारच थोडा. उघड्या तलावाचे पाणी हिरवे होते आणि अंधाऱ्या बावडीचे होत नाही, एवढी गोष्ट मांडूच्या पाणक्यालाही ठाऊक असली पाहिजे. त्यामागचे कारण उलगडण्यास मात्र आणखी तीनशे वर्षे लागली, आणि ते उलगडले सातासमुद्रापलीकडे.

जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि हवेचा अभ्यासक. मेणबत्तीने किंवा उंदराच्या श्वासाने बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपट्याने पुन्हा सुधारते, हे त्याने १७७१ साली दाखविले. पुढे काही वर्षांनी त्याच्या प्रयोगशाळेतील पाण्याच्या भांड्यांना आतून हिरवा थर धरला. दुसऱ्या एखाद्याने भांडी घासून ठेवली असती. प्रीस्टलीने ती उन्हात ठेवली आणि त्या थरातून शुद्ध हवेचे बुडबुडे वर येताना पाहिले. हा हिरवा पदार्थ प्राणी की वनस्पती, हे त्याला प्रथम सांगता येईना. तो शेवाळच होता. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने शेकडो प्रयोग करून असे दाखविले की वनस्पतीची हिरवी अंगे उन्हातच ही हवा देतात, अंधारात देत नाहीत. सारांश, ज्या शेवाळावर आज पेटीचा मालक चिडतो, त्याच शेवाळाने माणसाला प्रकाशाचा पहिला धडा दिला.

आता खऱ्या काचपेटीकडे यावयाचे. लंडनमधील औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ काम करीत असे. प्राणी हवा बिघडवतो आणि वनस्पती ती सुधारते, तर मग दोघांना एकाच बंद पाण्यात ठेवले असता पाणी न बदलता दोघेही जगतील काय, हा त्याचा प्रश्न होता. १८४९ साली त्याने सुमारे १२ गॅलन मावतील असे काचेचे भांडे घेतले. तळाशी वाळू, चिखल आणि चुनखडीचे तुकडे घातले, वालिस्नेरिया नावाची पाणवनस्पती रोवली, वर झऱ्याचे पाणी ओतले आणि दोन लहान सोनमासे सोडले. ही वालिस्नेरिया परकी नव्हे. फितीसारख्या लांब पानांची ती वनस्पती हिंदुस्थानातील तळ्यांतूनही पुष्कळ आढळते.

काही काळ सारे सुरळीत चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर आणि पानांवर बुळबुळीत हिरवा थर चढला आणि मासे धोक्यात आले. कुक्षीच्या एखाद्या घरात आज जे घडते, तेच शब्दशः लंडनमध्ये घडले. वॉरिंग्टनने भांडे धुऊन टाकले नाही. रानातल्या डबक्यात कोणीही काच घासावयास जात नाही, तरी तेथील पाणी स्वच्छ कसे राहते, याचा त्याने विचार केला; आणि डबक्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली, हिरवा थर चाटून साफ केला आणि वर पुष्कळ अंडी घातली, ती माशांना खाद्य झाली. १८५० सालच्या मार्च महिन्यात वॉरिंग्टनने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचला. प्राणी, वनस्पती आणि कुजके खाणारा सफाई कामगार, या तिघांवाचून पेटी चालत नाही, हा त्याचा शोध. पहिले दोघे त्याच्या आधीच्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. तिसऱ्याला मान मिळाला तो वॉरिंग्टनमुळे, आणि या तिसऱ्याची गरज शेवाळाने दाखवून दिली हे विसरता येणार नाही.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरील कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढल्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्गवेत्त्याचे त्या विषयावरील पुस्तक आले. पाहता पाहता घरोघर काचपेट्या दिसू लागल्या. हे वेड जेवढ्या वेगाने चढले तेवढ्याच वेगाने उतरले. १८६८ साली जे. जी. वुड या लोकप्रिय लेखकाने अशी नोंद केली आहे की दहांपैकी नऊ पेट्या लोकांनी सोडून दिल्या. माळ्यावर चढविलेल्या पेट्यांचा इतिहासही असा जुनाच आहे.

पेट्या सोडून देण्याचे एक मोठे कारण म्हणजे खिडकी. फुलझाडांना ऊन हवे म्हणून कुंड्या खिडकीत ठेवतात, त्याच समजुतीने लोकांनी पेट्याही खिडकीत ठेवल्या. नदीत किंवा तळ्यात प्रकाश वरून येतो. खिडकीतल्या पेटीत तो बाजूने शिरतो, काच तापवतो आणि काचेच्या आतल्या अंगावर शेवाळाची शेती पिकवतो. विल्यम ऑल्फर्ड लॉइड याने ही चूक ओळखली. हा मूळचा पुस्तकबांधणीचा कारागीर. पुढे त्याने लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचे दुकान काढले आणि अखेर युरोपातील मोठमोठ्या मत्स्यालयांचा तो सल्लागार झाला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याच्या देखरेखीखाली जे मत्स्यालय उघडले, त्यात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद अंधारात ठेवलेला होता. पंपाने पाणी अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात सतत फिरे. मांडूची अंधारी बावडी आणि उघडा तलाव जणू एका नळाने जोडावेत, तशी ती योजना होती. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर रांग लावून आत गेलेल्या लोकांनीही अंधाऱ्या दालनातून उजळलेल्या टाक्या पाहिल्या. त्या दालनातील अंधार केवळ नाट्यासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. प्रेक्षकांकडून काचेवर प्रकाश पडू नये, हाही त्याचा एक उपयोग आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. जुनी, मुरलेली पेटी त्याच दिव्याखाली स्वच्छ राहते आणि नवी तेवढी हिरवी होते, हे कसे? याचे उत्तर पेट्यांच्या शौकिनांकडून आले नाही. ते सांडपाण्याच्या अभ्यासातून आले. १८७७ साली श्लोसिंग आणि म्यूंत्झ या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. प्रारंभी वीस दिवस काहीच झाले नाही. सांडपाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे ती करणारे कोणी जिवंत होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते सूक्ष्म जंतू वेगळे काढून दाखविले.

हे वीस दिवस काचपेटीच्या मालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. नव्या पेटीतील धुतलेल्या वाळूत हे जंतू जवळजवळ नसतातच. नव्याने रोवलेल्या वनस्पतींची मुळे तुटलेली असतात आणि जुनी पाने गळत असतात; त्यांना खाण्याची शक्ती नसते. माशांच्या मलमूत्रातील आणि उरलेल्या खाद्यातील अमोनिया पाण्यात साचतो. प्रकाश तर पहिल्या दिवसापासून भरपूर. ताट वाढलेले आहे आणि जेवणारे अजून आलेले नाहीत, अशा पंक्तीत जो प्रथम येतो तो बसून घेतो. शेवाळाला मुळे रोवावयाची नसतात आणि फुटवा येईपर्यंत थांबावयाचे नसते. प्रकाश आणि खाद्य यांच्या जमाखर्चात जी शिल्लक उरते, तिचे नाव शेवाळ. म्हणूनच पेटी धुऊन पुन्हा भरणारा मनुष्य स्वतःचेच नुकसान करून घेतो. विसाव्या दिवशी कामावर रुजू होणाऱ्या जंतूंना तो एकोणिसाव्या दिवशी मोरीत ओतून देतो.

शिल्लक खोडून टाकण्याचा मार्गही माणसाने चोखाळला आहे. १९०४ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील मूर आणि केलरमन यांनी शहरांच्या पाण्याच्या साठ्यात अत्यल्प मोरचूद घालून शेवाळ मारता येते असे सिद्ध केले. मोरचूद मराठी बागाइतदारांच्या परिचयाचाच आहे. चुन्याबरोबर तो द्राक्षांवर फवारला जातो. मोठ्या जलाशयात मोजून घातलेल्या मोरचुदाचा उपयोग होतो, हे खरे. पण लहान पेटीत तो गोगलगायींना आधी मारतो, माशांना इजा करतो आणि वनस्पतींनाही सोडत नाही. मेलेले शेवाळ कुजून पुन्हा खाद्य होते आणि खाणारे मात्र कोणी उरलेले नसते. वॉरिंग्टनचा तिसरा गडी मारून शेवाळ जिंकण्याचा हा उपाय, स्पष्टच सांगावयाचे तर, शहाणपणाचा नव्हे.

खाद्याचा हिशेब किती कडक असतो, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा कॅनडातील एका सरोवराने दिला. ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी यांनी मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये घातली. दुसऱ्यात तीच द्रव्ये आणि शिवाय फॉस्फरस. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पहिला भाग काळसर निळा आणि दुसरा हिरवागार दिसला. त्या एका चित्राने धुण्याच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटविरुद्धच्या कायद्यांना मोठे बळ दिले. काचपेटीत मात्र गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे रोवलेल्या वनस्पतींनाही फॉस्फरस हवाच असतो. १९९६ साली कॅनडातीलच दोन शौकिनांनी असा विचार मांडला की वनस्पतींना बाकीची सर्व द्रव्ये पोटभर द्यावीत, म्हणजे फॉस्फेट त्याच खाऊन संपवतील आणि शेवाळाची उपासमार होईल. फॉस्फेट नेमके किती असावे यावर पुढे बरेच वाद झाले. जोमाने वाढणारी वनस्पती हाच शेवाळावरील पहारा, या मुद्द्यावर मात्र वादी-प्रतिवादी सहमत होते.

शेवाळ म्हणजे एकच वनस्पती नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९४६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यातील शेवाळांचा ऋतुक्रम नोंदविला. एक जात येते, फोफावते आणि दुसरीला जागा देऊन ओसरते, असा क्रम तळ्यात वर्षभर चालतो. नव्या पेटीतही प्रथम तपकिरी थर येतो, मग हिरवे धागे येतात आणि कधीकधी निळसर, दुर्गंधी साय येते. हा शेवटचा प्रकार खरे पाहता जंतूंच्या कुळातला आहे. १९३९ साली पी. के. डे यांनी भातखाचरातील नायट्रोजनची भर याच नीलहरित शेवाळाकडून पडते असे दाखविले होते. पेटीत नकोसा असलेला हा पाहुणा भाताच्या शेतात असा अन्नदाता ठरतो.

राहता राहिले खाणारे. १८३९ साली कर्नल साइक्स याच्या दख्खनच्या माशांवरील लेखात काही माशांची मराठी नावे शास्त्रीय नावांत जशीच्या तशी ठेवलेली आहेत. त्यांतला मळ्या हा मासा आजही गारा मुल्या या नावाने जगाच्या ग्रंथांत नांदतो. त्याच्या तोंडामागे एक चकती असते. तिने तो वाहत्या पाण्यातील दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. घाटातल्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाईने तो शेकडो वेळा पाहिलेला असतो. कोमट, कोंडलेल्या पाण्यात मात्र तो सुखी राहत नाही. पेटीसाठी जपानच्या ताकाशी अमानो या छायाचित्रकाराने १९८० नंतरच्या दशकात एक लहान गोडी कोळंबी प्रचारात आणली, ती शेवाळाचे धागे मोठ्या चवीने खाते. ती न मिळाल्यास गावतळ्यातील चार गोगलगायी वॉरिंग्टनच्या काळाइतक्याच उपयोगी पडतात. फक्त त्या काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून मग सोडाव्यात.

या साऱ्या इतिहासाचा कुक्षीतल्या काचपेटीला लागू होणारा भाग थोडा आहे. पेटी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवावी. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच जळावा. पहिल्याच दिवशी झांजीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पाणवनस्पती दाट लावाव्यात. त्या गावतळ्यात फुकट मिळतात आणि पुढे मंद वाढणाऱ्या रोपांनी मूळ धरले की काढून टाकता येतात. मासे महिनाभर थांबून आणि थोडेच सोडावेत. त्यांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. मुलांना माशांची दया येते आणि शेवाळाची निम्मी शेती त्या दयेवर पिकते. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे, काच फडक्याने पुसावी, वाळूला हात लावू नये. शेतांमधल्या विहिरीच्या पाण्यात खताचे नायट्रेट आधीच उतरलेले असू शकते. अशा ठिकाणी साठविलेले पावसाचे पाणी मिसळणे बरे.

कुक्षीच्या दक्षिणेला आता आणखी एक नवे पाणी आले आहे. २०१९ सालच्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि कुक्षी तहसिलीतील चिखलदा, निसरपूर या गावांपर्यंत फुगवट्याचे पाणी चढले. जी नर्मदा येथून वाहत जात असे, ती आता वर्षातील बराच काळ येथे थांबते. दोन्ही काठांवर कापसाची आणि मिरचीची शेते आहेत आणि त्यांना घातलेले खत पावसाबरोबर याच पाण्यात उतरते. वर निमाडचे ऊन आहे. धारभोवती साडेबारा तळी होती असे जुने लोक सांगतात. त्या तळ्यांचा गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकीत, म्हणजे पाण्यातले खाद्य पुन्हा जमिनीला मिळे. नर्मदेच्या या नव्या तळ्याचा गाळ असा टोपल्यांनी काढता येण्याजोगा नाही. त्याचा जमाखर्च काठावरच्या शेतांत, खताच्या गोणीपाशीच मांडावा लागेल.